उद्देशिकेच्या डोक्यावर श्री

१२ नोव्हेंबर, बुधवार
शाळेच्या हेडबाई कदम मॅडम आज ट्रॉल्यांच्या गर्दीतनं वाट काढत आल्या. "पेंटर, शाळेच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका लिहायचीय. २६ ला संविधान दिन. अक्षर तुमचंच पाहिजे." भवानीनगरच्या साखर कारखान्याला ऊस सुरू झालाय, नंबर रंगवून घ्यायला आठ ट्रॉल्या रांगेत. तरी लगीच व्हय म्हणलं. चाळीस वर्षं लोकांच्या ट्रॉल्या रंगवल्या, देशाचं काम पयल्यांदा आलंय.

१६ नोव्हें., रवि.
प्रायमर वाळला. खडूच्या दोरीनं रेघा मारल्या. एकेक रेघ दोनदा मोजली. ट्रॉलीला कधी मोजत न्हाय!

१८, मंगळ.
सकाळपासनं दहा ओळी झाल्या. मधल्या सुट्टीत पोरं मागं उभी राहून मोठ्यानं वाचाय लागली. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. जरा मागं सरून बघितलं आन घाम फुटला. सगळ्यात वर, लाल रंगात, टपोरा ॥ श्री ॥. मॅडमनी दिलेल्या कागदावर न्हवता. कुणी सांगितला न्हवता. ट्रॉली असू दे न्हायतर दुकान, पयला श्री, मग बाकीचं. उस्तादानं लावलेली सवय. माझा, ह्या दस्तगीर पेंटरचा, हात आपसूक गेला.
घरी रेहाना हसून हसून बेजार. "चाळीस वर्षं संसार केला, पण तुमी म्हंजे..."

१९, बुध.
पुसाय गेलो तर गावातले थोरले बाबुराव तात्या काठी आडवी घालून उभे. ऐंशीच्या पुढं वय, पर आवाज कारखान्याच्या भोंग्यागत. "राहू दे रं. एवढ्या मोठ्या कामाला देवाचं नाव नगं व्हय?" मॅडम म्हणाल्या, मूळ मजकुरात नाही, चालायचं नाही. दोघांची जुंपली. मी मधी, ब्रश घिऊन.
ठेवला तर काम चुकीचं. पुसला तर उद्या कुणीतरी म्हणणार, दस्तगीरनं श्री पुसला. ह्याच गावात जन्मलो, तरी ही भीती वाटती. हितं लिवतोय, तोंडानं बोलणार न्हाय.

२२, शनि.
दोन दिवस भिंतीकडं गेलोच न्हाय. ट्रॉल्या उरकल्या. मन लागंना.

२४, सोम.
मॅडमनी गाव भिंतीपुढं बोलावलं. त्यांनी सांगितलं ते ध्यानात राहील तेवढं लिवतो. दिल्लीत संविधान लिवायला जवळजवळ तीन वर्षं लागली. एकेक वाक्यावर वाद. आन शेवटी उद्देशिकेवर नेमका ह्योच वाद! संविधान सभेतले एक सभासद म्हणले, सुरुवात देवाच्या नावानं करू. दुसरे म्हणले, देव मानणं ज्याच्या त्याच्या मनावर, सक्ती नको. नको म्हणणाऱ्यांतले कितीतरी स्वतः भाविक. मग मतं घेतली. देवाचं नाव न्हाय आलं. "आम्ही, भारताचे लोक" आलं.
म्हंजे माझी चूक दिल्लीपातूर जाऊन आलेली. आंगावर काटाच आला.
तात्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणले, "त्यांनी मतं घेतली ना? मग आपुनबी घिऊ. उद्या नऊला. जे ठरंल ते मला मान्य, पुसायचं ठरलं तर पयला हात मी मारीन." आन माझ्याकडं वळले. "तुझं मत काय रं?"
म्हणलं, "मी काय, कामावरचा माणूस."
तात्या असे खवळले! "कामावरचा? 'आम्ही' लिवलंस, त्यात तू न्हाईस व्हय?"
बघता बघता डोळं भरून आलं, सगळ्यांपुढं. आलं तर आलं.
माझं ठरलंय. मी पुसण्याच्या बाजूनं, आन उगी भिंतीला टेकून न्हाय, लोकांत बसून हात वर करणार. तात्याकडली माणसंबी कमी न्हाईत, काय व्हईल सांगता येत न्हाय.
रेहानाला म्हणलं, तूबी चल.
"मग? मी काय घरात बसणार?"
कुठल्या बाजूनं हात करशील, इचारलं.
"ते माझं मी बघीन," म्हणली.