जनरलच्या बायकोचं कुंकू

चिंचवड, चैत्र, १९५४

ती. सौ. कुसुमताईस, तुझ्या तोंडाळ बहिणीचा नमस्कार.

आपल्याच घरच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायकांनी मला पन्ह्याचा थेंबही ठेवला नाही, हा घोर अन्याय आधी नोंदवून ठेव. बाकी खुशाल. भावजींचा खोकला थांबला का?

शेजारच्या बंगल्यातल्या निवृत्त इंग्रज जनरलची बायकोही आली होती. खडकीत जन्मलेली, मराठी आयाच्या कडेवर वाढलेली. तिला मी खुर्ची दिली, बिस्किटं दिली आणि करंडा घेऊन पुढच्या बाईकडे वळले. सगळ्या गेल्या तरी ती बसूनच.

"बाई, माझं कुंकू राहिलं. आमचे साहेब हायेत की अजून."

ताई, एरवी अख्ख्या गावाला बोलणारी मी, मान खाली घालून आत पळाले. ठेवून दिलेला करंडा काढून बाहेर येईतो ती निघून गेली होती.

सकाळी बंगल्यावर जाऊन कुंकू लावलं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली. पदर नव्हता, म्हणून तिनं झग्याचा घोळ पुढे धरला.

तुझी,
यमू