वाढत्या पोटाचे सहा कपडे

प्रिय चिमणे,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, दोनदा नंबरही काढला. पण तुझा आवाज ऐकला की मी लगेच चेष्टेवर येते आणि बोलायचं ते बाजूलाच राहतं. म्हणून कागद. आधी बातमी सांगून टाकते: मला सहावा महिना लागलाय. हो, मलाच, अडतिसाव्या वर्षी! डॉक्टरीणबाईंना मी दोनदा विचारलं, रिपोर्ट नक्की माझाच ना? त्या म्हणाल्या, "नाव तुमचं, रक्त तुमचं, आता बाळही तुमचंच म्हणायला हवं." नवरा बाहेर बसला होता. त्याला सांगितलं तर तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला आणि शेवटी समोरच्या अनोळखी आजोबांशी हात मिळवून आला.

आपल्या ऑफिसात मात्र चार महिने मी कोणाला सुगावा लागू दिला नाही. ढगळ स्वेटर घालायचा, इमारतींच्या नकाशांची गुंडाळी पोटाशी धरून चालायचं. पँटचं बटण लागेनासं झालं तेव्हा काजातून रबरबँड ओवून तो बटणाला अडकवायचा, वरून स्वेटर खाली ओढायचा. एका दुपारी झेरॉक्सच्या खोलीत वाकले आणि रबरबँड तुटला. एका हातात पँट, दुसऱ्या हातात नव्या वाचनालयाचे नकाशे, अशी मी दाराला पाठ लावून उभी राहिले. हसू यायला हवं होतं, पण आठवलीस तू आणि डोळे भरून आले. का ते सांगते, जरा धीर धर.

त्या रविवारी घरी कपड्यांची बोंब मारली. आत्याने आणि जाऊबाईंनी लगेच गाठोडी पाठवली, त्यांच्या, त्यांच्या मुलींच्या, कुठल्या कुठल्या मावसबहिणींच्या बाळंतपणातले कपडे. सगळे फुलाफुलांचे, सगळ्यांना गळ्याशी झालर. एक घालून आरशासमोर उभी राहिले तर सोफ्याला खोळ घातल्यासारखी दिसले. नवरा शहाणा, तो म्हणाला, "घरात छान आहे." म्हणजे काय ते मी समजले. आणि तुला आमचं घर माहीत आहे, कपाटात माझ्या वाट्याला एकच कप्पा. सकाळी मळमळ, त्यात ढीग उपसत बसायचं त्राण कुणाला? ठरवलं, मोजके कपडे करायचे, पण ऑफिसात ताठ उभं राहता येईल असे.

आमच्या तळमजल्यावर एक शिवणकामवाल्या बाई आहेत. तोंडात टाचण्या धरून बोलतात, पण बोलणं स्वच्छ. त्यांनी माप घ्यायच्या आधी मला दिवसभर काय करते ते विचारलं. बसते किती, जिने किती चढते, फळ्यावर लिहायला हात वर करते का. मग विचारलं, "पोट लपवायचंय की मिरवायचंय? ते ठरवा, मग कातर लावते." मी म्हटलं, दोन्ही नाही हो, मला काम करायचंय. बाई टाचण्या काढून पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी मला खुर्चीवर बसवून पुन्हा माप घेतलं. बसलेल्या बाईचं माप कुणी घेत नाही म्हणाल्या, आणि मग शिवण उसवली की दोष बाईच्या पोटाला देतात.

शेवटी सहा कपडे झाले. दोन पँटी, एक काळी, एक करडी, कमरेला ताणणाऱ्या कापडाचा रुंद पट्टा. दोन लांब शर्ट. एक गडद निळा झगा, त्याला कडेला चुण्या आणि शिवणीत भरपूर माया ठेवलेली, दर महिन्याला थोडी थोडी उसवायची. आणि एक जाकीट, बटण न लावताच घालायचं. सगळं सगळ्यावर चालतं, डोळे मिटून हात घातला तरी. आमचा नवा ड्राफ्ट्समन म्हणतो, "मॅडम, कॅलेंडर बघायला लागत नाही, करडी पँट आणि पांढरा शर्ट म्हणजे बुधवार." म्हणू दे. हे कपडे आल्यापासून मी नकाशे पोटाशी धरायचे सोडले.

आता ते, जे सात वर्षं राहून गेलंय. तेव्हा तुला दिवस होते, तू नवऱ्याचे शर्ट घालून ऑफिसात यायचीस, मधली फट सेफ्टीपिनने मिटवलेली. शाळेच्या इमारतीची बैठक होती. तू जिना समजावत होतीस, फळ्यावर वरचा मजला दाखवायला हात उंचावलास आणि पिन उघडली. शर्ट फाकला. तू वही आडवी धरलीस, पण वाक्य तुटलं ते तुटलंच. आणि खोलीत कोणीतरी हसलं. चिमणे, ती मी होते. वाईट हेतू नव्हता, पण हसले मीच, सगळ्यांच्या आधी, आणि मग बाकीच्यांना मुभा मिळाली. तुझी पाठ होती, तू पाहिलं नसशील. की तुला आवाज ओळखू आला होता? दुसऱ्या दिवशी साहेबांनी तुझं टेबल मागच्या खोलीत हलवलं, "आराम पडेल तिला" म्हणून. शाळेचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते घेतलं, मुकाट. सातव्या महिन्यात तू राजीनामा दिलास, तेव्हा निरोपाचं कार्डसुद्धा मीच लिहिलं. माझं नाव झालं ते त्या इमारतीने, आणि तिच्यातला जिना तुझा आहे.

गेल्या मंगळवारी वाचनालयाची बैठक होती. मी निळा झगा घातला, वर उघडं जाकीट, पोट सगळ्यांसमोर. दारातच साहेब म्हणाले, "तू बस, मी बोलतो, दमशील." मी म्हटलं, "दमले की बसेन साहेब, अजून दमले नाही." पाऊण तास उभी होते. मध्येच बाळाने अशी लाथ मारली की माझं वाक्य हरवलं. मी वाट पाहत होते, आता कोण हसणार म्हणून. वाचनालयाच्या अध्यक्ष, पांढऱ्या केसांच्या बाई, त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि म्हणाल्या, "सावकाश, आम्हाला घाई नाही." मी पाणी प्यायले, वाक्य सापडलं. आराखडा मंजूर झाला गं.

बैठक संपल्यावर साहेबांनी बोलावून विचारलं, तुझ्या सुट्टीत हे कोण उभं करणार? मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि म्हणाले, "ती येईल? माझ्याकडून तेव्हा…" मी म्हटलं, ते तिलाच सांगा. मध्यंतरी तुझे अहो बसस्टॉपवर भेटले होते. म्हणाले, लेकीच्या बाहुलीचं घरसुद्धा तू मापात काढतेस, पायऱ्यांची उंची जमल्याशिवाय पोरीच्या हातात देत नाहीस. म्हणून हे पत्र. सहा महिने वाचनालय तुझं, नकाशावर सही तुझी, आणि मी परतल्यावरही तुझं टेबल पुढच्या खोलीतच राहील, हे साहेबांकडून लिहून घेतलंय. गुरुवारी त्यांचा फोन येईल. त्याआधी माझ्या हसण्याचं तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं, नाहीतर हे बोलावणं खोटं ठरलं असतं. नको म्हणायचं असेल तर म्हण, मी समजेन. पण त्यामागे राग असेल तर तो माझ्यावर काढ, घरी येऊन काढ. कामावर काढू नकोस.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
लांबडी