कापरे हात

आप्पा, शहापुरातल्या आपल्या गल्लीत आता एकही माग वाजत नाही. तरी तुमच्याशी बोलायचं आहे ते मागाबद्दलच. तुमची नोकरी तुरुंगातल्या कैद्यांना विणकाम शिकवायची. पण सुटून आलेल्यांनाही तुम्ही घरच्या मागावर बसवायचात, ते कुठल्या सरकारी कागदात लिहिलं होतं? आई वैतागली की तुमचं ठरलेलं पालुपद, "माणसं वाईट न्हाईत गं. प्याली की हात उचलत्यात. पिण्याच्या वेळंला हात गुतवून ठिवायचं, बास."

आणीबाणी उठली त्या वर्षी खानापूरकडचा तो आला. नशेत सख्ख्या भावावर कोयता चालवून शिक्षा भोगलेला. भाऊ वाचला, पण त्याचा हात कायमचा लुळा पडला. दिवेलागणीला गुत्ते भरायचे, नेमके तेव्हाच तुम्ही याला तुटलेले धागे सांधायला बसवायचात. ते काम असं की हाताला जरा कंप असला की लगेच कळतो. रोज आल्याआल्या तो दोन्ही पंजे तुमच्यापुढे धरायचा, शाळेत पोरं नखं दाखवतात तसे. मला हसू यायचं. आठ महिने ते हात हलले नाहीत.

मग खंडेनवमी आली. "आपापलं हत्यार घिऊन ये, पूजा करूया," असं तुम्हीच त्याला आदल्या दिवशी सांगितलंत. तुमच्या मनात मागावरचा धोटा. तो आपला गावी गेला, घरातला कोयता काढला, भावाशी वाजलं, आणि पिऊन आला. भर दुपारी गल्लीत ओरडतोय, "आप्पा, पूजा करून द्या! आज त्येला ठिवत न्हाय!" शेजारची दारं धडाधड लागली. तुम्ही अनवाणी बाहेर गेलात, त्याच्यासमोर उभे राहिलात आणि रोजच्याच आवाजात म्हणालात, "हात दाव."

तो गोंधळला. आणि आप्पा, सवयच ती, दोन्ही पंजे पुढे करायचे म्हणून त्यानं कोयता खाली ठेवला. हात लटलट कापत होते. "आज धागा नको. बस हितं," तुम्ही म्हणालात, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ पायरीवर बसून राहिलात. पुढे तो एकदोनदा प्यायला, पण कुणावर हात उचलला नाही. एवढं धैर्य तुमच्यात कुठून आलं, मला अजून कळत नाही. मी खिडकीतून पाहत होते.

हे पत्र कुठे टाकणार? पण एक सांगायचं राहिलंय. तुम्ही बाहेर पडताच मागून दाराला कडी लागली. त्यावरून तुम्ही जन्मभर आईला चिडवलंत, ती ऐकून घेत राहिली. कडी मी लावली होती.