जेकशेन मास्तरांची दाढ

११ सप्टेंबर

मास्तरांच्या दाढेची जखम अजून भरत नाही. काढून सात आठवडे झाले! आज नीट पाहिलं — हिरडीतून करडं हाड उघडं पडलंय. टोचलं तरी दुखत नाही म्हणतात. एकवीस वर्षं इथे नारीन गावात दात काढतेय, असं कधी पाहिलं नव्हतं.

"काय गं, चेहरा का उतरला? गृहपाठ विसरलीस?" तिसरीत मला शिकवायचे, अजून तसंच बोलतात.

१९ सप्टेंबर

गोळ्या बदलल्या. उपयोग नाही. आता वास येतोय.

२६ सप्टेंबर

सकाळी त्यांच्या बायकोचा, बुरमा आपांचा फोन. चहात बुडवलेला पाव चावला आणि जबडा मोडला. पाव चावून! "चुलीपाशी आवाज आला गं मला."

दवाखाना बंद केला, दोघांना गाडीत घातलं, थेट बिश्केकच्या मोठ्या इस्पितळात. मास्तर वाटभर हनुवटीला रुमाल लावून.

२७ सप्टेंबर

सर्जननी एक्स-रे उजेडात धरला. हाड वाळवीनं खाल्ल्यासारखं. "मेलंय हे. रेडिएशन कधी घेतलंत?"

रेडिएशन? मी बघतच राहिले.

"नऊ वर्षं झाली," आपा म्हणाल्या. "घशात गाठ होती. अल्माटीला नेलं होतं."

"मग त्या हाडाला रक्त पुरत नाही. तिथली दाढ अशी उपटायची नसते. कुणी काढली?"

"मी."

"विचारलं नाहीत?"

मास्तरांनी माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं. लिहिलं — 'हिनं विचारलं होतं. मीच लपवलं.'

आपा नवऱ्याकडे बघत राहिल्या.

परवा ऑपरेशन. अर्धा जबडा काढणार, पायाचं हाड बसवणार.

२८ सप्टेंबर

एकटीच परतले. घाटभर राग राग. एक शब्द सांगायला काय झालं होतं? मी खरंच विचारलं होतं का, आठवत नाही. ते म्हणतात, म्हणजे विचारलं असणार.

खरं लिहायचं तर — रागाच्या तळाशी सुटल्यासारखंही वाटलं.

२९ सप्टेंबर

सर्जननी मागितलं म्हणून मास्तरांचं जुनं कार्ड शोधलं. चार वर्षांपूर्वीची तारीख. 'घशाला रेडिएशन झालंय. खालच्या दाढा काढू नयेत.'

अक्षर माझं.