दादाचा नवा सदरा

दादा,

माझ्या लेकीने धर्माबाहेर लग्न केलं म्हणून समाजाचा प्रमुख या नात्याने तू मला वाळीत टाकलंस, त्याला वर्ष होत आलं. "तिच्याशी कुणी बोलायचं नाही," असं भर सभेत खणखणीत आवाजात सांगितलंस. शिवायला कपडे द्यायचे नाहीत, हे मात्र सांगायचं राहिलं बघ.

तेव्हापासून बायका मागच्या दाराने येतात. नवं कापड आणि मापाला जुना कपडा मशीनवर ठेवतात आणि चकार शब्द न काढता जातात. घासाघीस नाही, "ताई, उद्याच हवं" नाही. धंदा इतका सुखाचा कधी नव्हता!

काल वहिनी आली. तुझ्यासाठी पांढरं कापड ठेवलं, मापाला तुझा जुना सदरा ठेवला आणि कंबरेपाशी चिमटीत धरून दाखवलं, एवढा आत घे. म्हणजे बारीक झालास तू. जाताना क्षणभर माझ्या खांद्यावर हात ठेवला तिने.

सदरा झकास झालाय. येत्या सभेत तोच घालून तू आणखी कुणाला तरी वाळीत टाकशील. त्याच्या कॉलरला आतून जे अस्तर लावलंय, ते लेकीच्या लग्नाच्या पोशाखातलं आहे. तोही मीच शिवला होता, आणि उरलेला तुकडा जपून ठेवला होता. मऊ आहे, मानेला टोचणार नाही.

हे पत्र तुला पाठवणार नाही. वाचलंस तर कॉलर उसवशील, आणि माझी शिवण कुणी उसवलेली मला खपत नाही.

तू नाही म्हणालास तरी तुझीच,
धाकटी