यंदाही सगळ्या मुलीच

तीर्थरूप आईस,
तुझ्या चौथीचा किनाऱ्यावरून नमस्कार.

मी मजेत आहे. पायांना फोड आले होते, ते सुकले. दुपारी वाळूवर अनवाणी चालवत नाही, एवढंच. तुझा खोकला कसा आहे? थोरली औषध वेळेवर देते ना?

माझं काम काय, विचारलं होतंस. कासविणी वाळूत अंडी घालून जातात, ती आम्ही कुंपण घालून राखतो. अंड्यातलं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. वाळू फार तापली की सगळ्या माद्याच. उन्हाळे वाढत चाललेत, आणि गेली तीन वर्षं इथे जवळजवळ सगळ्या मुलीच जन्मताहेत. नरच उरले नाहीत तर पुढे पिल्लं कुठली?

म्हणून तू घराच्या पत्र्यावर टाकायचीस तशी ओली गोणपाटं मी घरट्यांवर ताणून बांधली. आमचे साहेब हसले. "अहो बाई, अख्खा समुद्र तापलाय, गोणपाटानं काय होणार?"

म्हटलं, "वाळूतला थर्मामीटर बघा. पारा दोन अंशांनी उतरलाय."

मग त्यांनी आमचं हे कासवांचं केंद्रच गुंडाळायचा कागद सहीसाठी पुढे केला. मी पेनच उचललं नाही.

माझ्या जन्माच्या वेळी आत्या दारातूनच परत फिरली होती ना, "चौथीही मुलगीच" म्हणून? तिला सांग, ती चौथी इथे मुलगे व्हावेत म्हणून दिवसभर घागरी वाहतेय. आणि तेही या मुलींसाठीच.

हात न टेकणारी,
तुझी चौथी