कागदावरचे आटे

लातूर, २० मार्च २०१६

ती. शेषेरावमामांस,
पंढरीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर बोलायची हिंमत नाही, म्हणून लिहितो. हातपंपाचे पाइप जोडणाऱ्या कपलिंगांत दोष तुमचा नव्हता, माझा होता.

उदगीर जिल्हा होणार, सरकारी कामं येणार, म्हणून मालकांनी कारखान्यात नवा प्रोग्राम घेतला. संगणकावरच्या आकृतीवरून आधी काय कापायचं, कोणतं हत्यार लावायचं, हे तोच ठरवतो. मी आकृतीत भोक गुळगुळीत काढलं आणि शेजारी लिहिलं, ‘आतून आटे पाडणे’. शुद्धलेखन तीनदा तपासलं. पण प्रोग्राम आकार वाचतो, टीप वाचत नाही. यंत्रानं चाळीसच्या चाळीस नग बिनआट्याचे दिले.

पहिला नग तपासणारे तुम्ही. गावातून तक्रार आल्यावर मालक ओरडले तेव्हा नजर अधू झाली असं तुम्ही सांगितलंत, आणि मी खाली बघत राहिलो. ज्यांनी मला नोकरीला लावलं, ते कायमचे घरी निघाले तरी माझं तोंड उघडलं नाही. रेणापूरकडच्या गावात, असल्या दुष्काळात, पंप आठ दिवसांपासून उघडाच पडलाय.

मामींना जयभीम. रागावलात तरी दोन ओळी लिहा.
पंढरी

हदगाव, २७ मार्च

चि. पंढरीस अनेक आशीर्वाद.

नजर चांगली हाय माझी. तुझ्या मामीच्या तांदळातला खडा लांबून दाखवतो, म्हणून ती वैतागून राहिली. त्या दिवशी नग हातात घेताच कळलं, आटे न्हाईत. बोललो न्हाई. तीस वर्षं आटे पाडले, आता ती संगणकाची पेटी मला शिकवणार? म्हटलं, पडू दे तिला तोंडावर. माल गावापर्यंत जाईल हे डोक्यातच आलं न्हाई. लई वाईट केलं. म्हणून निमूट घरी आलो.

मालकाला तुझं सांग, माझंबी सांग. खाली बघायला मी तुला शिकवलं न्हाई.

माया होती तशीच हाय.
शेषेराव

लातूर, ८ एप्रिल

ती. मामांस सविनय जयभीम.

दोन्ही सांगितलं.  मालक म्हणाले, आटे आकृतीतच काढ, आणि पहिला नग बघायला मामांना परत बोलाव. नवी कपलिंगं बसवायला गावात मलाच पाठवलं.

पाणी आलं तेव्हा कोंडाबाई नावाच्या म्हातारीनं पहिला तांब्या मला दिला. पोराच्या हाताला गुण हाय, असं सगळ्यांना सांगत सुटली. मामा, ते पाणी गिळवेना, आणि तिच्यासमोर सांडवेना. प्यालो. खरं मात्र सांगता आलं नाही.

चौदा तारखेला जयंतीला इकडेच या. दुसऱ्या दिवशी रेणापूरची एसटी पकडू. तुम्ही शेजारी उभे राहिलात, तर मी तिच्याकडे बघून सांगेन.

तुमची वाट बघणारा,
पंढरी